आठ मात्रांची जागा

‘ट्रॅक छान आहे. स्केल कोणती?’

सर्जेराव बनसोडे या माणसाने चाळीस वर्षं जे वाजवलं, त्यावर जगाने दिलेला हा पहिला अभिप्राय. त्याच्या मुलीने, सुजाताने, तो मोबाइलवर वाचून दाखवला तेव्हा मी म्हसवडला त्याच्या घरी बसलो होतो आणि तो ओट्यावर बुटांना पॉलिश करत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, “खडीची म्हणून सांग.”

सुजाताने तसं खरंच लिहून पाठवलं. पलीकडून उत्तर आलं, ‘म्हणजे काळी दोन की पांढरी तीन?’

तेव्हा आम्ही तिघंही खूप हसलो होतो. सर्जेरावला जाऊन आता वर्ष होईल. मला त्या गोष्टीचं हसू येत नाही.

त्याला सर्जेराव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे नायक म्हणायचे. फौजेतून नायक म्हणून निवृत्त झालेला. कुणी नवीन माणसाने “नायक म्हणजे हिरो का?” असं विचारलं की तो दंडावर दोन बोटं टेकवून सांगायचा, “हिरो न्हवं. दोन फित्या.” शौकत आणि मी त्याला अहो-जाहो करायचो, कारण तो आमच्यापेक्षा वयाने मोठा. लिहिताना मात्र तो आपोआप ‘तो’ होतो. गेलेली माणसं जवळची होतात, त्याला इलाज नाही.

आमचा बँड होता. वरातीपुढचा नव्हे, भजनाचाही नव्हे. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायक असा चार माणसांचा रॉक बँड, आणि तोही कराडशेजारच्या मलकापुरात. नाव ‘द क्रशर्स’. गिटार नायकाची, ड्रम मिरजेच्या शौकतचे, आवाज आबाचा. मी बेस वाजवायचो. बेस म्हणजे असेपर्यंत कुणाला ऐकू येत नाही आणि बंद पडला की काहीतरी चुकतंय एवढंच कळतं. तहसील कचेरीतल्या कारकुनाला साजेसंच वाद्य. नायकाने माझं नावच ‘बेसन’ पाडलं होतं.

नायक माण तालुक्यातला, म्हसवडजवळच्या वाडीचा. त्याचे वडील हलगी वाजवायचे. आवड म्हणून नव्हे, गावकीचं काम म्हणून. लग्न असो, मयत असो, पाटलाकडून निरोप आला की त्यांच्या दारात उभं राहायचं आणि वाजवायचं. धम्म स्वीकारला त्या वर्षी त्यांनी हलगी फोडून चुलीत घातली आणि सांगितलं, “आता ह्या घरातलं कोण बी दुसऱ्याच्या दारात वाजवणार न्हाई.” नायक तेव्हा रांगत होता. म्हणजे हे वाक्य त्याने ऐकलेलं नव्हतं, पण घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलं की त्याला ते पाठ होतं.

मोठा झाल्यावर तो फौजेत गेला, आणि फौजेने त्याला काय द्यावं? बँड. पलटणीच्या बँडमध्ये ढोल. वडिलांना तो पत्रात लिहायचा, ‘मी सिग्नलमध्ये आहे.’ पंधरा वर्षं तो सिग्नलमध्ये होता. शिलाँगला असताना तिथली पोरं गिटार वाजवायची ते बघून हा शिकला. निवृत्त होऊन आला तो फौजी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली लालभडक इलेक्ट्रिक गिटार घेऊन. आई ती बराच वेळ बघत राहिली. मागे लोंबणारी वायर आणि पिन बघून आशेने म्हणाली, “मोटर हाय व्हय रं ही?” माणमधल्या बाईला वायर असलेली वस्तू पाणी काढणारीच असणार असं वाटलं, यात तिचं काय चुकलं?

वडिलांनी एकच विचारलं. “कुणाच्या दारात?”

“कुणाच्याच न्हाई. स्टेजवर. लोकं आपल्या पायांनी यितील.”

“मग वाजीव,” म्हातारा म्हणाला.

पोटापाण्यासाठी माजी सैनिकाला मिळते तीच नोकरी त्याला मिळाली. मलकापूरच्या बाहेर आबाच्या वडिलांचं खडी क्रशर होतं, तिथे वॉचमन. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते तिथेच. खाणीच्या मोजमापाच्या कागदासाठी साहेबांनी मला धाडलं होतं. दगड भरडण्याचा एवढा आवाज की माणसाला आपला विचार ऐकू येऊ नये, आणि त्या धुरळ्यात पत्र्याच्या खोलीबाहेर कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस डोळे मिटून, ताठ उभा राहून गिटार वाजवत होता. क्रशरची मोटर ज्या सुरात घुमायची, तोच सूर धरून त्याने तारा लावल्या होत्या. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत तो सूर कुठेच बसत नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता.

मी म्हणालो, “अहो, हे बेसूर आहे.”

“कशाशी बेसूर?” त्याने विचारलं. “मोटरीशी तर लागलंय की.”

पुढे मोटर बंद पडली, क्रशर गेलं, खाणीत पाणी साचलं. त्याने सूर बदलला नाही. तो त्याच्या कानात बसला होता. आमचा बँड जन्मभर त्या एका मोटरीच्या सुरात वाजत राहिला, आणि म्हणून दुसरा कुठलाही गायक आमच्याबरोबर उभा राहू शकला नाही. फक्त आबा. तो त्या आवाजातच वाढला होता.

आबाबद्दल मी सरळ लिहू शकत नाही हे आधीच कबूल करतो. मालकाचा मुलगा, सांगलीला कॉलेजात नापास होऊन परत आलेला, खांद्यापर्यंत केस. पण आवाज होता. चुकीच्या पत्त्यावर पडलेल्या पत्रासारखा, पण होता. क्रशरवरच्या पत्र्याच्या खोलीत तालमीला आला आणि पहिल्याच दिवशी माईक हातात घेऊन म्हणाला, “जागा आमची, तर माईक बी आमचाच की रं.” आम्ही हसलो. नायकही हसला. आबा त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि त्याच दिवसापासून “ए नायक”. नायक त्याला “आबा, तुमी”. चाळीस वर्षांत यात बदल झाला नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला आता आठवतं आणि कानशिलं तापतात.

आबाला मोजता येत नसे. गाणं सुरू झालं की तो वाहत जायचा, पण मधली मोकळी जागा आली की गडबडायचा. कधी आधीच शिरायचा, कधी शिरायचाच नाही. नायकाने त्यावर उपाय काढला. आबाने त्याच्याकडे बघायचं आणि नायकाने हनुवटी एकदा खाली घेतली की सुरू करायचं. बस. लोक म्हणायचे, आबांचं टायमिंग काय आहे! ते टायमिंग नायकाच्या मानेत होतं.

आमचा पहिला कार्यक्रम एका यात्रेत झाला. चाळीस मिनिटं आम्ही जीव तोडून वाजवलं. एक तुकडा तर नुसत्या वाद्यांचा, नायकाच्या फार आवडीचा. संपल्यावर सरपंच स्टेजजवळ आले आणि अदबीने म्हणाले, “झालं का माईक टेस्टिंग? आता सुरू करा.” शौकत काठ्या फेकून देणार होता. नायकाने सरपंचांना कडक सॅल्यूट ठोकला, आमच्याकडे वळला आणि ओरडला, “पार्टी, डिसमिस!” परतीच्या टेंपोत तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. लोकांनी आमचं नाव ‘खडी पार्टी’ ठेवलं ते त्याच दिवशी. “रॉक म्हणजे खडक, आन् हे वाजवत्यात त्याची झाली खडी.”

त्याच्या खिशात काड्यापेटी असायची आणि तो विडी ओढत नसे. तेलाच्या प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं कातरून तारा छेडायच्या पट्ट्या करायचा, त्या त्यात. कार्यक्रमाच्या दिवशी गिटारवरचे धातूचे भाग बँडमधल्या सवयीने पितळी पॉलिशने घासायचा. मी जास्त वाजवायला लागलो की थांबवायचा. “बेसन, तू जे वाजवलं न्हाईस ना, ते लय झकास वाजवलंस. तसंच वाजीव.” रिकाम्या मात्रा हा त्याचा ध्यास होता. गवई लोक गाण्यात सुंदर वळण घेतलं की त्याला ‘जागा’ म्हणतात. नायकाच्या लेखी जागा म्हणजे जिथे कुणीच वाजवत नाही ती. ती यायच्या आधी तो गुरकावायचा, “जागा सोडा रं!”

एक गाणं मात्र त्याने सगळ्यांसाठी केलं. चाल त्याची, शब्द त्याचे. माणगंगेवरचं. ती नदी तुम्ही बघितली नसेल तर काही बिघडत नाही, आम्हीही फारशी बघितली नाही. बहुतेक काळ तिथे वाळूच असते.

नदी हाय नकाशात, वाळू हाय पायात

एवढं म्हटलं की सगळी वाद्यं थांबायची. आठ मात्रा काहीच नाही. नुसता गिटारच्या तारेत मागे उरलेला, मोटरीच्या सुरातला एक तंबोऱ्यासारखा गुणगुणाट, शौकतच्या पायाचाही आवाज नाही. मग नायकाची हनुवटी खाली, आणि आबा त्या कोरड्या शांततेत एकटा शिरायचा,

पाणी गेलं कुणाच्या दारात?

माणमध्ये हे गाणं वाजवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी मागून “व्हय, कुणाच्या?” असं विचारलं. नायक म्हणायचा की त्याला मिळालेलं ते एकच बक्षीस.

पुढे त्या गाण्याची कॅसेट निघाली. आबाच्या वडिलांच्या ओळखीने. कव्हरवर गॉगल लावलेला आबा, आणि खाली ‘गायक, संगीतकार’ म्हणून त्याचंच नाव. आमची तिघांची नावं ‘साथसंगत’ या शब्दात आली होती. शौकत भांडायला निघाला. नायकाने कॅसेट उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, “प्रिंटिंगची चूक आसंल. पुढच्या येळंला सुधारतील.” पुढची वेळ तीस वर्षांनी आली.

एक गोष्ट मला सांगायची नाही, पण ती सोडली तर हे सगळंच खोटं होईल. आबाच्या चुलतभावाचं लग्न होतं. आबाने ठरवून टाकलं की वरातीपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आपला बँड. नायक नाही म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, “आबा, स्टेज बांधा, फुकट वाजवतो. दारात न्हाई.” आबा म्हणाला, “ए नायक, लय शिष्ट झालास. ट्रॉली काय दार हाय व्हय?” नायक आला नाही. शौकतने ताप आल्याचं कळवलं. मी गेलो. ट्रॉलीवर उभा राहून, फेटा बांधून, मी बेस वाजवला. आबाचा कुणी मित्र गिटार घेऊन नुसता हलत होता. पुढच्या तालमीला मला वाटलं नायक काहीतरी बोलेल. त्याने फक्त विचारलं, “सूर लागला का?”

“नाही,” मी म्हणालो.

“लागत न्हाई तिथं,” तो म्हणाला, आणि गिटार पुसायला घेतली. त्याने मला त्याहून जास्त शिक्षा करायला हवी होती असं मला अजून वाटतं.

मग आबा राजकारणात गेला. केस कापले, पांढरे कपडे आले. क्रशरच्या जमिनीचे प्लॉट पडले. तालमीची पत्र्याची खोली होती तिथे आता स्वागत कमान आहे. नायक म्हसवडला परतला. सुजाता तिथे शाळेत शिकवते, तिच्याकडे राहायचा. वर्षातून एखादा कार्यक्रम मिळायचा. आबा कधी यायचा, बहुतेक वेळा नाही. त्याच्याशिवाय आम्ही नुसती वाद्यं वाजवायचो आणि माणगंगेच्या गाण्यात त्या आठ मात्रांनंतर चाल गिटारवर यायची. लोक गाणं कधी सुरू होतंय म्हणून वाट बघायचे.

दोन वर्षांपूर्वी नायकाचा फोन आला. “बेसन, बोटं वळंनात. वळत्यात तवर एकदा सगळं रेकॉर्ड करू. निरोपाचं. आन् ह्या वक्ताला नावं नीट घालायची.”

सांगलीत एक स्टुडिओ मिळाला. अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवलेली खोली, एरवी तिथे भजनं आणि दुकानांच्या जाहिराती व्हायच्या. रविवार मिळत होते. मी कराडहून, शौकत मिरजेहून, नायक म्हसवडहून एसटीने. सत्तरीला टेकलेला माणूस, पाठीला गिटार, बुटांना आरसा. प्रत्येक रविवारी पोचल्यावर तो आधी एक माईक उभा करायचा, त्याच्यापुढे खुर्ची ठेवायचा, खुर्चीवर पाण्याची बाटली. आबासाठी. आबाने फोनवर शब्द दिला होता, “ए नायक, गाणं मीच म्हणणार. दुसऱ्या कुणाला हुबा करू नगंस. येतो.”

पहिल्या रविवारी मीटिंग होती. दुसऱ्या रविवारी कुणाचं तरी उद्घाटन. असे आठ रविवार. मी म्हणालो, “नायक, सोडा त्याचा नाद. सुजाता म्हणेल, नाहीतर तुम्ही म्हणा.”

“माझा आवाज म्हंजे खडीच हाय,” तो म्हणाला. “त्या गाण्याला आवाज त्योच हाय गड्या. मानूस कसला का आसंना.”

शेवटच्या रविवारी खाली गाडी थांबली. नायक उठून उभा राहिला, शर्ट सारखा केला. आबा नव्हता. त्याचा पीए होता. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. “साहेबांनी शुभेच्छा दिल्यात,” तो म्हणाला आणि नायकाच्या खांद्यावर शाल टाकून त्याने मोबाइलवर एक फोटोही काढला.

तो गेला. नायकाने शाल काढली, घडी घातली, शौकतच्या मोठ्या ड्रमजवळ गेला आणि ती आत कोंबली. “मघापास्नं लय घुमत हुता,” म्हणाला. “आता बसंल आवाज.” खरंच बसला. त्या संपूर्ण माणगंगेच्या गाण्यात ड्रमचा जो कोरडा ठोका आहे, तो आबाच्या शालीचा आहे.

गाणं आम्ही आवाजाशिवाय वाजवलं. आठ मात्रा तशाच रिकाम्या ठेवल्या आणि त्यानंतर गिटारही नाही, फक्त मी आणि शौकत. नायकाने ओळ मोकळीच ठेवली. वाजवताना तो नेहमीच्या सवयीने गुरकावला, “जागा सोडा रं!” आणि ते आबासाठी लावलेल्या माईकमध्ये गेलं. स्टुडिओवाला म्हणाला, काका, हे काढून टाकतो. नायक म्हणाला, “ऱ्हाऊ दे. तेवढंच माझं गाणं.” नऊ तुकड्यांच्या त्या आख्ख्या अल्बममध्ये माणसाचा आवाज म्हणून एवढाच.

अल्बमचं नाव ‘निरोप’. संगीत, सर्जेराव बनसोडे. सुजाताने सगळं इंटरनेटवर चढवलं आणि लोकांना कळावं म्हणून खाली लिहिलं, ‘फक्त संगीत’. तिथेच घोटाळा झाला. आपल्याकडे हल्ली निवृत्त माणूस दिसला की समजावं, तो कराओके गातो. प्रत्येक गावात ग्रुप आहे, स्पीकर आहे, आणि सगळे ट्रॅकच्या शोधात आहेत. ‘फक्त संगीत’ म्हणजे ट्रॅकच, याबद्दल कुणालाही शंका आली नाही. ‘ओरिजिनल गाणं कुठे मिळेल?’ ‘शब्द पाठवा.’ ‘लेडीज स्केलमध्ये आहे का?’ ‘मधेच संगीत बंद पडतं, दुरुस्त करा.’ सांगलीच्या एका ग्रुपवर कुणी गृहस्थांनी नायकाच्या सर्वांत आवडत्या तुकड्यावर स्वतःच्या नातवाच्या वाढदिवसाची कविता म्हणून पाठवली होती. बेसूर झाली, आणि त्याचा दोष त्यांनी ट्रॅकला दिला. नायकाने ती पूर्ण ऐकली. “पोरगं मोठ्ठं हुईल,” एवढं म्हणाला. पण नंतर त्याने सुजाताला अभिप्राय वाचून दाखवायला सांगितलं नाही.

मग एक दिवस आबाचा फोन आला. स्वतः. वाढदिवसाचा अभीष्टचिंतन सोहळा आहे मलकापुरात, सकाळी अकराला, मंगल कार्यालयात, ज्येष्ठ कलावंतांचा सत्कार आहे. “आन् ए नायक, ऐक. आपलं नदीचं गाणं म्हणणार मी त्या दिवशी. तुझ्याच ट्रॅकवर. तुझी जागा भरतो बघ.”

नायकाने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज तरुण झाला होता. “सुजाता मोबाइलवर रेकॉर्ड करंल. मग त्योच आवाज त्यात बसवू. स्टुडिओवाला म्हणला, बसतोय.” त्याचं एवढंच मागणं होतं. ते गाणं एकदा पुरं व्हावं, त्या आवाजात, आणि खाली आपलं नाव असावं.

कार्यालयाबाहेर भली मोठी कमान, वर आबाचा हात जोडलेला फोटो. सुजाताला शाळेतून सुट्टी मिळाली नाही, तेव्हा मोबाइल माझ्याकडे होता. सत्कार आठ जणांचा एकदमच झाला. निवेदकाने वाचलं, ‘सर्जेराव बनसोडे, बँजोवादक.’ शाल, श्रीफळ. तो खाली येऊन माझ्याजवळ बसला, तर आमच्या खुर्च्यांवर कुणी पाहुणे यायचे होते. एक कार्यकर्ता म्हणाला, “आवं काका, जरा जागा सोडा की.” नायक उठला आणि भिंतीला लागून स्टेजच्या डाव्या अंगाला ताठ उभा राहिला. कार्यक्रमात तो नेहमी आबाच्या त्याच अंगाला उभा राहायचा.

आबाने माईक घेतला. “आता एक माझं जुनं गाणं. तरुणपणी चाल बांधली हुती मी.” टाळ्या झाल्या. मागच्या मोठ्या पडद्यावर शब्द आले, कराओकेसारखे, एकेक शब्द रंगत जाणारे. मी वाचलं. नायकानेही वाचलं, कारण त्याला चष्म्याशिवाय लांबचं स्वच्छ दिसायचं.

नदी होती नकाशात, वाळू होती पायात
पाणी आलं आबांमुळे दारात

माझ्या हातातला मोबाइल मी खाली घेतला. ट्रॅक सुरू झाला होता. शालीचा तो कोरडा ठोका भिंती हलवत होता. आबा पहिली ओळ गायला. आवाज अजून तसाच, आणि बरोबर त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरात. मग स्पीकरमधून नायकाचा आवाज सगळ्या कार्यालयात घुमला, “जागा सोडा रं!”, आणि सगळं थांबलं.

आठ मात्रा. आबाच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थिजलं. त्याला मोजता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं. तोंड अर्धवट उघडलं, मिटलं. आणि जुन्या सवयीने त्याची नजर डावीकडे गेली. भिंतीशी नायक उभा होता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नका, नायक, नका, बुटाकडे बघा, पडू द्या त्याला तोंडावर. सहा. सात.

नायकाची हनुवटी खाली गेली.

आबा नेमक्या ठोक्यावर आत शिरला. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने, सुरेल. कार्यालय टाळ्यांनी भरून गेलं. शेजारचा एक जण मला म्हणाला, “टायमिंग बघा साहेबांचं!” मला त्या हलणाऱ्या मानेचा जेवढा राग आला, तेवढा मला आबाचा कधी आला नाही. अजूनही येतो. आणि ट्रॉलीवर फेटा बांधून उभा राहिलेला मी कोण तो राग करणारा, हेही त्याच्या मागोमाग येतं.

आम्ही जेवायला थांबलो नाही. हायवेच्या थांब्यावर उन्हात उभे राहिलो तेव्हा मला राहवलं नाही. “का हलवलीत मान?”

“चुकला आसता, गड्या.”

“चुकू द्यायचं होतं!”

“त्यो चुकला आसता तर गाणं चुकलं आसतं. गाणं आपलं हाय न्हवं?” सत्काराची शाल त्याने हातातच ठेवली होती. या वेळी ती कोंबायला ड्रम नव्हता. त्याने ती दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “बेसन, आपुन आत्ता जिथं वाजलो, ते दार कुणाचं हुतं रं?”

“कार्यालय होतं ते, नायक. भाड्याचं.”

“कमानीवर नाव कुणाचं हुतं?”

  त्याने खिशातून ती काड्यापेटी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “आता लागायची न्हाई.”

दहिवडीकडची एसटी आली, गच्च भरलेली. तो चढला. कंडक्टर ओरडत होता, मागं सरका, मागं सरका. खिडकीतून मला तो दिसत होता, वरची दांडी धरून उभा, इस्त्रीचा शर्ट, ताठ. गाडी निघायच्या बेतात होती. मी खालून हात वर केला. त्याने बघितलं, माझ्याकडेच बघत होता. मान हलवली नाही.